यादीत नसलेली चूक

२ फेब्रुवारी, सोमवार

टाळ्या! नर्सिंग कॉलेजात, भर तासाला, टाळ्या!

मी दुसऱ्या वर्षाच्या मुलींकडून ‘पाच योग्य’ म्हणून घेत होते — योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ — आणि भिंतीपलीकडून टाळ्यांचा कडकडाट. माझ्या मुलींचे कान तिकडे. शेवटच्या बाकावरची एक तर चक्क हसली. तिला उभं केलं. पाचही घडाघडा म्हणाली, तरी उभीच ठेवली.

नंतर कळलं, टाळ्या कशाच्या ते. एका मुलीने भर वर्गात कबूल केलं म्हणे, की काल वॉर्डात ती एका आजींचं औषध दुसऱ्याच आजींना द्यायला निघाली होती, ऐन वेळी लक्षात आलं. त्याबद्दल टाळ्या! आमच्या वेळी असल्या गोष्टीबद्दल काय मिळायचं ते आमच्या कानांना विचारा.

हे खूळ नवीचं. नवी म्हणजे आमच्या नव्या ट्यूटर. नऊ वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात बसायची, इंजेक्शन भरताना हात लटलट कापायचे. आता बाहेरून मोठी पदवी घेऊन आलीय आणि ‘रुग्णसुरक्षा’ हा विषय तिच्याकडे गेलाय. म्हणजे सव्वीस वर्षं मी काय रुग्णांना खिडकीतून खाली टाकायला शिकवत होते?

५ फेब्रुवारी, गुरुवार

तळमजल्यावरची खोली तयार झाली. दोन खाटा, एक पुतळा-रुग्ण, ऑक्सिजनची नळी, औषधांचं कपाट, सगळं खऱ्या वॉर्डासारखं. ‘सुरक्षा कौशल्य कक्ष.’ आता त्याला प्रमुख हवा. प्राचार्य बाई म्हणाल्या, सतराला तपासणी समिती येतेय, त्यांचं पाहून झालं की नाव ठरवू.

मला ती खोली हवी. लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय! त्या दारावर मला माझं नाव हवं. इतक्या वर्षांत माझं नाव कुठे लागलं असेल तर ते स्टाफरूममधल्या माझ्या कपाच्या बुडाला.

हे म्हणाले, “मग अर्ज दे की.” अर्ज! नवीने दिलाय तसा? मागून मिळवायचं तर मग काय राहिलं? लोकांनी आपणहून म्हणायला हवं — तुमच्याशिवाय आहे कोण?

आज कुणीच म्हणालं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

नवीने पुरुष वॉर्डात एक वही टांगलीय. वर लिहिलंय — ‘थोडक्यात टळलं’. चूक होता होता राहिली तर त्यात लिहायचं. नाव घालायचं नाही. म्हणे, कोण चुकलं यापेक्षा कशामुळे चुकलं ते महत्त्वाचं. म्हणे, भीती घातली की मुली चुका थांबवत नाहीत, लपवतात.

हा टोमणा कुणाला ते न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही.

दुपारी वॉर्ड रिकामा पाहून वही उघडली. आठवड्यात अकरा नोंदी! सव्वीस वर्षांत मला एकीने येऊन सांगितलं नव्हतं असलं काही. मला वाटायचं, माझ्या मुली चुकतच नाहीत.

अक्षरांवरून एकूणएक ओळखल्या. कुणाला बोलले नाही. पण ओळखल्या.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मीटिंग. समितीपुढे नवी ‘चुकांची खोली’ करणार. नव्या कक्षात मुद्दाम दहा चुका पेरून ठेवायच्या — खाटेचा कठडा खाली, पुतळ्याच्या मनगटावर भलत्याच नावाची पट्टी, लघवीची पिशवी जमिनीला टेकलेली, मुदत संपलेलं सलाईन वगैरे. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना आत सोडायचं आणि दहा मिनिटांत चुका शोधायच्या. यादी फक्त नवीकडे. प्राचार्य बाई हरखून गेल्या. बाकीच्या ट्यूटरही माना डोलवत होत्या.

मग नवी म्हणाली, औषधांचा ट्रे खऱ्या वॉर्डातूनच आणू. “खोटं सामान ठेवलं की मुली खोटं खोटंच बघतात.”

मी म्हणाले, वॉर्डचं सामान खेळायला आणू नये. गेलेली वस्तू आहे तशी परत जाते कशावरून?

“यादी आहे ना, मॅडम. दहाच्या दहा दुरुस्त करून, टिक करूनच परत पाठवीन.”

प्राचार्य बाईंनी तिचं ऐकलं. माझं म्हणणं इतिवृत्तात लिहून घेतलं — म्हणजे कचऱ्यात. खरं सांगायचं तर मी काळजीपोटी बोललेच नव्हते. तिचं काहीतरी मोडायचं होतं म्हणून बोलले. पण बोलले ते बरोबरच होतं!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज रंगीत तालीम, दर वेळी वेगळ्या चुका पेरून. मुली जिन्यावर धावताहेत, हसताहेत. पुतळ्याला त्यांनी ‘आजोबा’ केलंय. “आजोबांना चष्मा दिला का ग?” माझ्या तासाला याच मुली मेल्यासारख्या बसतात.

यांच्यात एक आहे, अंगाने एवढीशी, सगळ्या तिला चिमणी म्हणतात. आवाजही तसाच. मला दोन वर्षांत तिचा एक प्रश्न आठवत नाही. आज नवीशी वाद घालत होती! “मॅडम, घंटी आजोबांच्या हाताला येत नाही ही पण चूकच ना?” आणि नवी म्हणाली, “अग हो की! एक काढून हीच घालू यादीत.” विद्यार्थिनी सांगणार आणि ट्यूटर ऐकणार. जग उलटं टांगलंय नुसतं.

घरी आल्यावर बडबडत होते. हे पेपर खाली ठेवून म्हणाले, “तू दिवसातून जेवढा तिचा विषय काढतेस ना, तेवढा उभ्या संसारात माझा नाही काढलास.”

मी म्हणाले, तुम्ही कधी माझी खोली पळवली नाहीत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

केलं.

पाच वाजता कॉलेज रिकामं झालं. कक्ष उद्यासाठी लावून ठेवलेला. दहाही चुका मी उभ्या उभ्या, तीन मिनिटांत शोधल्या. एकही सुटली नाही. इतकी हुशारी कोणाला दाखवायची? मग खाटेजवळच्या ट्रेकडे लक्ष गेलं. पुरुष वॉर्डातून आणलेला ट्रे, त्यात एका खोक्यात सलाईनच्या चार अँप्युल, छोट्या बंद कुप्या. आणि शिकवायच्या कपाटात, धोक्याची औषधं ओळखायला म्हणून ठेवलेलं पोटॅशियम. अँप्युलची चण तीच, उंची तीच, प्लास्टिक तसंच पांढरं. फरक फक्त लेबलाचा. पहिल्या वर्षालाच आम्ही सांगतो — हे पातळ न करता थेट शिरेत गेलं की हृदय बंद पडतं.

त्या कपाटाची एक चावी कायम माझ्याकडे असते. सही करावी लागत नाही.

सलाईनची एक उचलली, त्या जागी पोटॅशियमची एक ठेवली. अकरावी चूक. उद्या मुली दहा शोधतील, टाळ्या वाजतील, नवी मान तिरकी करून हसेल. आणि मग मी उठेन. “एक राहिली. सगळ्यांत जीवघेणी तीच. मुलींनाही दिसली नाही आणि मॅडमनाही दिसली नाही.” बस्स. एवढंच. पुतळ्याला काय होणार आहे!

हात अजिबात कापले नाहीत. त्याचंच आता नवल वाटतंय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मुलींनी आठ मिनिटांत दहा शोधल्या. शेवटची चिमणीने. ट्रेला तिघींनी हात लावला, लेबल एकीनेही वाचलं नाही. मी खुर्चीच्या कडेला सरकून बसलेले, वाक्य जिभेवर.

तेवढ्यात समितीतले एक गृहस्थ नवीला म्हणाले, “हे असं बघायला तुम्ही कुठे शिकलात?”

तिने माझ्याकडे बोट केलं. “या मॅडमकडे. लेबल तीनदा वाचायचं — उचलताना, भरताना, देण्याआधी. आम्ही मागे हसायचो. पण वॉर्डात एकटी असले की अजून कानात यांचाच आवाज येतो.”

सगळे माझ्याकडे वळले. मुली टाळ्या वाजवायला लागल्या. माझ्यासाठी! कान तापले. उठून काय बोलू? बोललेच नाही. मग चहा झाला. समितीच्या बाई माझ्या शेजारी बसल्या, किती वर्षं, काय काय, सगळं विचारलं. मी बोलतच राहिले. किती दिवसांनी कुणी विचारलं होतं!

घरी येईपर्यंत तरंगत होते. ह्यांनी विचारलं, “आज शत्रुपक्ष शांत?” मी म्हणाले, मुलगी तशी वाईट नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी केस विंचरताना फणी हातातच राहिली. ट्रे!

काल मी चहा पीत गप्पा मारत होते तेव्हा नवीने यादी काढून दहाच्या दहा दुरुस्त केल्या असणार, टिक केल्या असणार, आणि ट्रे वॉर्डात परत पाठवला असणार. अकरावी तिच्या यादीत कुठून असेल?

वेणी अर्धी तशीच टाकून निघाले. पावणेआठला पुरुष वॉर्डात पोचले तर दाराशीच घोळका. इनचार्ज सिस्टर हातात सिरिंज धरून उभ्या. भिंतीला टेकून चिमणी.

सिस्टरांनी सांगितलं ते असं. सकाळी खाट क्रमांक नऊच्या बाबांच्या हाताची सुई साफ करायला सलाईन द्यायचं होतं. चिमणीने खोक्यातली अँप्युल उचलली, भरली. बाबांनी हात पुढे केला. आणि आत सोडायच्या आधी तिने मोकळी अँप्युल पुन्हा डोळ्यांसमोर धरली. तशीच किंचाळली.

बाबा खाटेवर बसून बिस्किट खात होते. एका हाताने. दुसरा हात अजून तसाच पुढे धरलेला, बिचाऱ्यांना कुणी खाली घ्या म्हणून सांगितलंच नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मोठ्या मॅडम आल्या, आता त्या बोलतील. आणि मी बोलले. खणखणीत आवाजात विचारलं, “हे इथे आलं कुठून?”

मी! मी विचारलं!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जेवण गेलं नाही. ह्यांना सांगितलं, पित्त.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मीटिंग. वॉर्डात पोटॅशियम कुलपात असतं आणि मोजणी बरोबर भरली. म्हणजे आलं ते शिकवायच्या कपाटातून. ऑफिसातली चावी सोळा तारखेला कुणी नेली? चावीच्या वहीत सही चिमणीची. ट्रेची मांडामांड तिच्याकडे होती ना. दुसरी चावी कुणाकडे असते ते सगळ्यांना माहीत आहे. ते कुणाच्या मनातही आलं नाही. सव्वीस वर्षांची अब्रू ही अशी कामाला आली.

नवी म्हणत होती, “कुणी केलं ते शोधू नका, कसं होऊ शकलं ते शोधा. त्या मुलीने जीव वाचवलाय. वहीत स्वतः नोंद केली, वर नावही घातलं. तिला शिक्षा झाली तर उद्यापासून त्या वहीत एक अक्षर कुणी लिहिणार नाही.”

प्राचार्य बाई म्हणाल्या, रुग्ण दगावला असता तर? मग माझ्याकडे वळल्या. “तुम्ही दहा तारखेलाच बजावलं होतं. इतिवृत्तात आहे. चौकशी तुम्हीच करा. शिस्तीचं माणूस तुमच्याशिवाय आहे कोण?”

हेच वाक्य! हेच ऐकायला जीव टाकत होते.

पुढच्या शुक्रवारी अहवाल द्यायचा. चिमणीचं वर्ष जाणार, बहुतेक कॉलेजातून नावही कमी करतील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि फाशी द्यायला चोरच नेमला!

२३ फेब्रुवारी, सोमवार

नवीने कक्षाच्या पदासाठी आपलं नाव मागे घेतलं. “यादी माझी होती. यादीबाहेर मी पाहिलं नाही. जबाबदार मी.” दुपारी प्राचार्य बाईंनी मला बोलावून सांगितलं, कक्ष तुमचा. पाटी रंगवायला टाकलीय.

मिळालं! दारावर माझं नाव!

आणि स्टाफरूममध्ये आले तर सगळ्या नवीभोवती. एकीने तिच्यासाठी चहा आणलेला, एक तिची पाठ थोपटतेय. मुली दाराशी ताटकळत. मला अभिनंदन म्हणायला एक जण आली, तीही आपली पट्टी न्यायला आली होती म्हणून. हरली ती आणि वरात तिचीच! देवा, आत्तासुद्धा, या क्षणीसुद्धा माझ्या पोटात दुखतंच आहे. मी कशी बाई आहे?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चिमणीची चौकशी. मी टेबलाच्या अलीकडे, ती पलीकडे. बस म्हणाले तर खुर्चीच्या टोकावर बसली.

“कपाट तू उघडलंस?”

“हो मॅडम. कापूस घ्यायला.”

“पोटॅशियमला हात लावलास?”

“नाही.” मग म्हणाली, “पण मॅडम, लागला असेल. मला वाटतं मीच ठेवलं असेल. आठवत नाही. पण सगळे म्हणतात म्हणजे… काल स्वप्नात मी ठेवताना दिसले.”

सात दिवसांत पोरीला स्वतःवरचा विश्वास उरला नाही. उद्या ही आपल्या हातांनी साधं पाणी तरी पाजू शकेल का कुणाला?

निघताना दारात थांबली. “मॅडम, ते तिसरं वाचन. तुमच्यामुळे बाबा वाचले. तेवढं लिहाल का अहवालात? म्हणजे घरी दाखवता येईल. वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीयेत.”

मी म्हणाले, पाहू.

२५ फेब्रुवारी, बुधवार

छापील कागद समोर. चार रकाने. एकही भरला नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

नवी कक्षाच्या चाव्या आणि फायली द्यायला आली. दहा चुकांची यादी, मुलींची टिपणं, सगळं व्यवस्थित लावलेलं. कोणता पंखा आवाज करतो तेसुद्धा लिहिलेलं. मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

न राहवून विचारलं, “तुला राग नाही येत?”

“कुणाचा?”

“ज्या कुणी केलं त्याचा.”

“येतो की. पण मॅडम, मला त्याहून जास्त वाटतं, की ज्याने केलं त्याला येऊन सांगता आलं नाही. म्हणजे मी इतके दिवस ओरडून शिकवलं ते फुकटच ना?”

मग फायलींवर हात ठेवून हसली. “एक सांगू? रागावू नका. इथे आल्यापासून मला तुमची जाम असूया वाटायची. तुम्ही वर्गात पाऊल टाकलं की सुई पडली तरी ऐकू येते. माझ्या वर्गात कायम बाजार. मी भिंतीला कान लावून ऐकायचे, तुम्ही नेमकं करता तरी काय. प्राचार्य बाई एकदा सहज म्हणाल्या, वर्ग आवरायला मोठ्या मॅडमकडून शिका. दोन दिवस घरी चिडचिड केली मी.”

भिंतीच्या पलीकडून तीही! मला हसू आलं. ती दचकली — मला हसताना तिने कधी पाहिलंच नसावं. मग तीही हसली. दोघी हसत होतो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. ती म्हणाली, “मॅडम, काय झालं?” मी म्हणाले, पित्त.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. अँप्युल, ट्रे, चहा, बाबांचा पुढे केलेला हात. शेवटी एवढंच म्हणाले, “नोकरी जाईल.”

मी म्हणाले, हो.

“कदाचित पोलिसही.”

हो.

उठून माझी साडी इस्त्रीला काढली त्यांनी. उद्याची.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी अहवाल दिला. ‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात नाव लिहिलं. खाली चौकशी प्रमुख म्हणून नाव, सही, तारीख.

प्राचार्य बाईंनी चष्मा लावून वाचला. मग हसल्या. “अहो, घाईत वरही तुमचंच नाव पडलंय. चुकून.”

“चुकून नाही, बाई,” मी म्हणाले. “मुद्दाम केलं.” आणि दार लावून घेतलं, समोरची खुर्ची ओढली आणि तिच्या टोकावर बसले.